साखर वाढतेय, वजन उतरतंय: मधुमेहात खाण्याचं बिनसतं तेव्हा

टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. गेल्या वेळेपेक्षा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बरीच वर गेलेली. वजन मात्र उतरलेलं. लग्नात भेटलेली मावशी म्हणते, "अगं, किती छान बारीक झालीस!" दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, "पथ्य पाळत नाहीस तू." मावशीला वजन दिसतं, डॉक्टरांना रिपोर्ट दिसतो. इन्सुलिन पूर्ण घेतेस का, हा साधा प्रश्न दोघंही विचारत नाहीत.

साखर वर आणि वजन खाली ही जोडी टाइप १मध्ये दिसली, तर पहिला संशय इन्सुलिन कमी पडल्याचाच घ्यायचा. त्याची कारणं अनेक असतात. वाढीच्या वयात गरज वाढते, उन्हात राहिलेलं इन्सुलिनचं पेन निकामी होतं, परीक्षेच्या धावपळीत डोस राहून जातात. आणि काही जणींच्या, काही जणांच्याही बाबतीत ते जाणूनबुजून कमी घेतलं जातं, कारण 'इन्सुलिनने मी जाड होते' ही धास्ती मनात घर करून बसलेली असते. याला बोलताना 'डायब्युलिमिया' म्हणतात. मानसिक आजारांच्या प्रचलित वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही, पण बुलिमिया, म्हणजे अनावर खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढणं, या खाण्याच्या आजाराच्या वर्णनात मधुमेहींनी इन्सुलिन टाळण्याचा उल्लेख आहे. मधुमेहासोबत येणारे खाण्याचे आजार एवढ्यावरच थांबत नाहीत. अन्न जवळजवळ तोडणं, अचानक खूप खाणं आणि मग स्वतःला शिक्षा करणं, रात्री उठून चोरून खाणं, हे सगळं त्यात येतं. तरी इन्सुलिन टाळण्यावर आधी बोलायला हवं, कारण सगळ्यांत वेगाने जिवावर बेतणारी गोष्ट तीच आहे.

शरीरात नेमकं काय होतं

जेवणातली साखर रक्तात येते. तिथून ती स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत जाण्यासाठी इन्सुलिन लागतं. ते नसलं की रक्त साखरेने भरलेलं आणि पेशी उपाशी, अशी अवस्था होते. पेशी उपाशी असल्याचा निरोप यकृताला मिळतो आणि ते आणखी साखर बनवून रक्तात सोडतं. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही; लघवीवाटे साखर जाते आणि सोबत भरपूर पाणी नेते. म्हणून सारखी तहान, सारखी लघवी. इंधन मिळत नाही म्हणून शरीर स्नायू आणि चरबी मोडायला घेतं. चरबी मोडताना कीटोन नावाची आम्लं तयार होतात. ती साठत गेली की रक्त आम्लधर्मी होतं. हा कीटोॲसिडोसिस. यात माणूस काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो.

म्हणजे वजनकाट्यावर जे 'कमी झालं' असं दिसतं त्यात पाणी असतं, स्नायू असतात, आणि शरीराने नाइलाजाने जाळलेली चरबी असते. मधुमेहाचं निदान होण्याआधी हीच मुलगी याच अवस्थेत होती: कपडे ढगळ झालेले, तोंड सुकलेलं, घरचे काळजीत. इन्सुलिन सुरू झालं आणि गेलेलं वजन परत आलं. गोष्ट सुरू होते ती इथे. आजारी असतानाचा तो बारीकपणा तिच्या लक्षात राहतो, आणि तो परत न येण्याचं खापर इन्सुलिनवर फुटतं.

इथे डॉक्टर मंडळी कधीकधी सोयीचं खोटं बोलतात: "इन्सुलिनने वजनबिजन काही वाढत नाही." मुलगी रोज काट्यावर उभी राहते, तिला खरं काय ते माहीत असतं. मग बाकीच्या सल्ल्यावरचा विश्वासही जातो. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ जणांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं की साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांची हानी खूप कमी होते. त्याच चाचणीत काटेकोर गटाचं वजन जास्त वाढलं, आणि साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हेही नोंदलेलं आहे. सरळ सांगावं की काही वजन हे आजाराने ओरबाडलेलं शरीर भरून येण्याचं असतं आणि ते यायलाच हवं. काही वजन साखर सारखी उतरते आणि ती वर आणायला सारखं खावं लागतं म्हणून येतं. ते डोस नीट बसवून कमी करता येतं. एवढं प्रामाणिक उत्तर मिळालं तर मुलगी निदान दुसरा प्रश्न विचारायला थांबते.

पथ्यातच रुजलेला धोका

टोरांटो, हॅमिल्टन आणि ओटावा या कॅनडातल्या शहरांत १२ ते १९ वयाच्या मुलींची तुलना केली गेली. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. टाइप १ असलेल्या मुलींपैकी १० टक्क्यांना खाण्याचा पूर्ण विकसित आजार होता, मधुमेह नसलेल्यांत ४ टक्क्यांना. दुपटीहून जास्त. का, हे समजायला मधुमेही मुलीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणला तरी पुरे.

सकाळी उठल्यावर आकडा. पोह्यांत कार्बोहायड्रेट किती, याचा हिशेब. डब्यात काय, किती वाजता, किती युनिट. मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक समोर आला की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. दुपारी साखर उतरली की भूक असो-नसो, गोड खायचंच. संध्याकाळी बाबा विचारणार, "किती आली?" मधुमेह नसलेल्या एखाद्या मुलीने अन्नाचा असा हिशेब दिवसभर ठेवला असता तर घरच्यांनी तिला समुपदेशकाकडे नेलं असतं. हिच्या बाबतीत त्यालाच शिस्त म्हणतात. अन्नाकडे सतत आकडे म्हणून पाहणं, काही पदार्थांवर बंदी, शरीरावर रोजची नजर: खाण्याचे आजार ज्या खतावर वाढतात ते सगळं इथे उपचाराच्या नावाखाली घातलेलं असतं.

त्यात शरीराचीही साथ नसते. स्वादुपिंडातल्या ज्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात त्याच ॲमिलिन नावाचं आणखी एक संप्रेरक सोडतात, जे पोट सावकाश रिकामं करतं आणि 'पुरे झालं' असा निरोप मेंदूला देतं. टाइप १मध्ये बीटा पेशी नष्ट होतात तेव्हा तेही जातं. पोट भरल्याची जाणीव अशी अंधूक झालेल्या मुलीला 'तोंडावर ताबा ठेव' म्हणणं सोपं असतं.

शिवाय साखर उतरणं. थरथर, घाम, छातीत धडधड, आणि आतून उसळणारी अनावर भूक. ती मेंदूने जीव वाचवण्यासाठी लावलेली असते. अशा वेळी मुलगी फ्रीजसमोर उभी राहून हाताला लागेल ते खाते. अर्ध्या तासाने साखर तीनशेच्या घरात, पोट गच्च, मनात लाज. त्यातून 'उद्या काही खाणारच नाही' हा निश्चय. दुसऱ्या दिवशी कमी खाल्ल्याने साखर पुन्हा उतरते.

इन्सुलिनचा शोध लागण्याआधी तर उपासमार हाच अधिकृत उपचार होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन रुग्णांना अत्यंत तुटपुंज्या अन्नावर ठेवत. त्याने काही मुलं थोडी जास्त जगली, हेही खरं. त्यांच्याकडच्या एका बारा वर्षांच्या, दृष्टी गेलेल्या मुलाच्या लघवीत कडक पहाऱ्यातही साखर दिसते म्हणून सगळे चक्रावले होते. शेवटी कळलं की तो टूथपेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं आणि उपासमारीच्या त्या उपचाराची गरज संपली. मधुमेही मुलांना उपाशी ठेवायची सवय काही तेवढ्या लवकर गेली नाही.

भूक दाबली की ती उलटते, हे मधुमेह नसलेल्यांतही दिसलं आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, आणि पूर्ण अन्न मिळू लागल्यावर काहींचं खाणं थांबेचना. हे सगळे प्रयोगासाठी स्वखुशीने आलेले धडधाकट पुरुष होते. तेव्हा रात्री लाडवांचा डबा रिकामा करणारी मुलगी 'हावरट' असते, हे आपण सोडून द्यायला हवं.

आपल्या घरांत

आपल्याकडे न खाण्याला प्रतिष्ठा आहे. नवरात्राचे नऊ दिवस, एकादशी, संकष्टी, सोळा सोमवार. 'उपवास आहे' म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. उलट पोरगी गुणाची म्हणून कौतुक. खाण्याचा आजार असलेल्या मुलीला यापेक्षा चांगली आडोशाची जागा नाही. मग साबुदाण्याच्या खिचडीने साखर उसळते, ती पाहून घाबरून पुढचं जेवणही टाळलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की ज्या मुलीचं अन्नाशी आधीच बिनसलंय तिने बरं होईपर्यंत एकही उपवास करू नये, आणि हे घरातल्या आजीने सांगितलं तर सगळ्यांत उत्तम. आजारी माणसाला उपवासाची सूट आपल्या परंपरेत आहेच.

दुसरं, लग्नाचा विषय. मुलीला टाइप १ आहे हे बाहेर कळू नये म्हणून अनेक घरांत इंजेक्शन आतल्या खोलीत, पाहुणे आले की नाही, कॉलेजच्या ट्रिपला तर मुळीच नाही. लपवून घ्यायची गोष्ट ही टाळायची गोष्ट व्हायला वेळ लागत नाही. त्यातच 'कांदेपोह्यांआधी थोडी बारीक हो' हा सल्लाही तिलाच मिळतो.

मुलग्यांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. जिममध्ये शरीर 'कट' दिसावं म्हणून जेवण आणि इन्सुलिन दोन्हींशी खेळणारे मुलगे आहेत. घरच्यांना वाटतं, पोरगा व्यायाम करतोय.

किंमत

टोरांटोतल्याच ९१ तरुणींचा चार वर्षांनी पुन्हा तपास केला गेला. १९९७चा हा अभ्यास. ज्यांचं खाणं सुरुवातीला फार बिघडलेलं होतं त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाची इजा दिसली. मध्यम बिघाड असलेल्यांत ४३ टक्के, खाणं सुरळीत असलेल्यांत २४ टक्के. अवघ्या चार वर्षांत, आणि सगळ्या तरुण.

बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या २३४ स्त्रियांचा ११ वर्षांनी मागोवा घेतला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. इन्सुलिन कमी घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट होता. ज्या दगावल्या त्यांचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय, कमी घेणाऱ्यांत ४५ आणि बाकीच्यांत ५८. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांत नाही. या स्त्रियांना ओळखलं कसं, तर 'मला जेवढं घ्यायला हवं त्याहून मी कमी इन्सुलिन घेते' या एका वाक्याला त्यांनी दिलेल्या होकारावरून. विचारलं तर लोक सांगतात.

ओळखायचं कसं, विचारायचं कसं

सांगितलेल्या डोसांच्या हिशेबाने महिन्यात संपायला हवं ते पेन दोन महिने पुरतं. कीटोॲसिडोसिससाठी वारंवार ॲडमिट व्हावं लागतं आणि दर वेळी कारण 'इन्फेक्शन' निघतं. पाळी लांबते. मीटरमधले आकडे आणि रिपोर्ट यांचा मेळ बसत नाही. सगळ्यांसोबत जेवायला बसणं, सगळ्यांसमोर इंजेक्शन घेणं टाळलं जातं. दवाखान्याच्या तारखा चुकतात, वजन करायला नकार मिळतो. गादीखाली बिस्किटांची वेष्टणं सापडतात. यातली एखादी खूण काहीच सिद्ध करत नाही; दोन-तीन जुळल्या की बोलायला हवं.

बोलायचं ते चौकशी आयोगासारखं नाही. "इन्सुलिन चुकवतेस ना? खरं सांग" याने दार बंद होतं. "रोज एवढ्या वेळा टोचून घ्यायचा कंटाळा कुणालाही येईल. तुझे डोस कधीकधी राहतात का गं? वजनाची भीती वाटते का?" असं विचारलं की उत्तर मिळण्याची शक्यता तरी राहते. कबुली मिळालीच तर त्या क्षणी उपदेश करू नये. "सांगितलंस ते बरं झालं. आता तू एकटी नाहीस यात. आपण डॉक्टरांकडे दोघी जाऊ." एवढं पुरतं.

दवाखान्यांसाठी 'डीईपीएस-आर' नावाची १६ प्रश्नांची मधुमेहींसाठीच बनवलेली प्रश्नावली आहे. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या शिफारशीनुसार १०-१२ वर्षांच्या वयापासूनच खाण्याच्या बिघाडाची चाचपणी सुरू करावी. आपल्या ओपीडीच्या गर्दीत १६ प्रश्न जमणार नाहीत, हे मान्य. एक तर जमेल. फक्त तो आई-बाबांना दोन मिनिटं बाहेर बसवून विचारायचा.

बरं होताना

सुधारणेचं पहिलं ध्येय एचबीएवनसी सातच्या आत आणणं हे नसतं. बऱ्याच उपचारांची गाडी इथेच अडते. वर्षभर इन्सुलिन अर्धवट घेणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळापत्रक, सगळी मोजणी आणि आदर्श आकड्यांचा तक्ता हातात दिला की ती आठवड्यात हरते आणि परत येत नाही.

आधी फक्त जीव सुरक्षित. दिवसभर काम करणारं, दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन कधीही चुकणार नाही, एवढीच पहिली अट. सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने ते आई किंवा बाबांनी, होस्टेलवर असेल तर विश्वासातल्या मैत्रिणीने समोर बसून घ्यायला लावावं. कीटोॲसिडोसिसपासून वाचवणारी ही पहिली भिंत. मग एका जेवणाचं इन्सुलिन, मग दुसऱ्या. साखर हळूहळू उतरवायची, आणि यामागे मनाइतकंच शरीराचंही कारण आहे. दीर्घकाळ खूप वर असलेली साखर फार झपाट्याने खाली आणली तर डोळ्यांच्या पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो, आणि पायांत आग, टोचल्यासारख्या तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. वेग डॉक्टर ठरवतील. सुरुवातीलाच आणि मधल्या काळातही नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यायचा. वेदना आल्या तर त्या इन्सुलिन बाधल्याच्या नसतात, ते सोडायचं नसतं. त्यांवर औषधं आहेत, आणि बहुतेकांच्या त्या महिन्यांच्या हिशेबाने ओसरतात.

यापेक्षाही अवघड वळण म्हणजे सूज. इन्सुलिन पुन्हा सुरू झालं की कोरडं पडलेलं शरीर पाणी धरून ठेवतं. घोटे सुजतात, चेहरा फुगल्यासारखा वाटतो, काट्यावर थोड्या दिवसांत वजन चढतं. जिला वजनाचीच भीती तिला वाटतं, पाहा, मी म्हणतच होते! इथे पुष्कळ जणी उपचार सोडतात. ही सूज येणार, ती पाण्याची आहे, साधारण काही आठवड्यांत उतरेल, हे तिला आधी सांगून ठेवलेलं असेल तर ती तगते. त्या काळात घरातला वजनकाटा माळ्यावर टाकावा. दवाखान्यात वजन करायचंच तर तिने काट्याकडे पाठ करून उभं राहावं आणि आकडा फक्त डॉक्टरांनी पाहावा. सूज फार वाढली किंवा दम लागला तर मात्र लगेच दाखवायचं.

जेवण ठरल्या वेळी, भूक लागण्याची वाट न पाहता. साधारण तीन-तीन तासांनी काहीतरी. बिघडलेल्या खाण्यात भूक आणि तृप्ती दोन्हींच्या खुणा बोथट झालेल्या असतात, त्यांच्यावर विसंबून चालत नाही. पोळी, भात, बटाटा यांना ताटातून हद्दपार करायचं नाही. कार्बोहायड्रेट बंद करून साखर सरळ ठेवण्याचा आहार एरवी कुणाला मानवत असेल. खाण्याच्या आजारातून उठणाऱ्या मुलीला तो परत त्याच वाटेवर नेतो. वजन फारच घटलेलं असेल तर खाणं वाढवणंही रुग्णालयाच्या देखरेखीखाली लागतं, कारण दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम वाढवलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम धोकादायक घसरू शकतं.

मनाचं काम याच्या बरोबरीने चालतं. विचारांची आणि वागण्याची साखळी उकलणारी सीबीटी ही पद्धत बुलिमिया आणि अनावर खाण्यासाठी जगभर वापरली जाते. लहान वयाच्या रुग्णांत आई-वडिलांनी काही काळ जेवण आणि इन्सुलिन दोन्हींचा ताबा घ्यायचा आणि मग तो टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत द्यायचा, अशी कुटुंबाधारित पद्धत उपयोगी पडते. 'आता मोठी झालीस, तुझं तू बघ' हे चौदाव्या वर्षी म्हणणाऱ्या पालकांना हे उलटं वाटतं. वाटू दे.

खरी अडचण असते ती दोन डॉक्टरांच्या मधल्या दरीत. मधुमेहतज्ज्ञ म्हणतात, हा मनाचा प्रश्न; मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, आधी साखर आटोक्यात आणा. ब्रिटनमध्ये हीच तक्रार इतकी वाढली की तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ साली या दोन्ही उपचारांना एका छताखाली आणणारी प्रायोगिक केंद्रं सुरू केली. २०२४च्या जानेवारीत याच विषयावरच्या संसदीय चौकशीचा अहवाल आला. तिच्या सहअध्यक्ष होत्या माजी पंतप्रधान थेरेसा मे, ज्यांना स्वतःला टाइप १ आहे. आपल्याला असं केंद्र गावात उघडेपर्यंत थांबायची गरज नाही. मधुमेहाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी महिन्यातून एकदा फोनवर बोलावं, एवढा आग्रह पालकांनी धरावा. तिघांचा निरोप एकच हवा. एकीकडे 'सगळं खा' आणि दुसरीकडे 'भात बंद' असं ऐकलेली मुलगी तिसराच मार्ग काढते, तो इन्सुलिन सोडण्याचा.

आणि हो, मधेच पुन्हा घसरण होते. परीक्षा, ब्रेकअप, बाळंतपण, नवी नोकरी अशा वळणांवर जुनी सवय डोकं वर काढते. पहिल्या चुकलेल्या डोसला फोन करायचा की पंचविसाव्या, एवढं आधीच ठरवून ठेवलं तर ती घसरण लवकर थांबते.

मुळात होऊच नये म्हणून

मीटरचा आकडा हे प्रगतिपुस्तक नाही. घरात पाय ठेवताच "किती आली?" ऐवजी "डबा कसा होता? दिवस कसा गेला?" आकडा ३०० आला तर "काय खाल्लंस?" ऐवजी "आता काय करू या, करेक्शन डोस, म्हणजे साखर खाली आणायला थोडं जादा इन्सुलिन, लागेल का?" 'चांगली' साखर, 'वाईट' साखर ही विशेषणं सोडली तरी मुलीच्या डोक्यावरचं ओझं हलकं होतं. सतत साखर दाखवणारा सीजीएम सेन्सर असेल तर आई-बाबांच्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी आकडा यायलाच हवा असंही नाही. अलार्म फक्त खूप वर किंवा खूप खाली गेल्यासाठी लावता येतात.

साखर उतरण्याचा उपचार औषधासारखा मोजून करायचा. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाण्यात तीन-चार चहाचे चमचे पावडर, मग १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. पेढा किंवा चॉकलेट यासाठी वापरू नये. एक तर त्यातल्या स्निग्धांशाने साखर सावकाश चढते, आणि दुसरं म्हणजे गोड खायची परवानगी फक्त साखर उतरल्यावरच मिळते असा संबंध मनात जुळतो. होळीची पुरणपोळी होळीलाच, पानात, सगळ्यांसोबत, तिचं इन्सुलिन घेऊन खाता आली पाहिजे. जे उघड खाता येतं ते चोरून खावं लागत नाही.

आणि आईने स्वतःच्या पोटाला, दंडाला नावं ठेवणं थांबवावं. मुली ते ऐकत असतात.

टाइप २ असेल तर

इथे अनावर खाणं जास्त दिसतं. डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, माणूस कडक डाएट धरतो, दोन आठवड्यांत ते मोडतं, रात्री मग अनावर खाल्लं जातं. त्यात आपल्याकडे 'दिवसातून दोनदाच जेवा' छापाचे सल्ले घरोघरी फिरतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने उपासमार केली किंवा कार्बोहायड्रेट जवळजवळ बंद केलं तर मीटरवर साखर फार वाढलेली न दिसताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. भूक कमी करणारी नवी इंजेक्शनं सुरू करण्याआधी पूर्वी कधी खाण्याचा आजार झाला असेल तर तो डॉक्टरांना सांगायलाच हवा. ते विचारतीलच असं नाही.

मदत

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात आणि मधुमेहाची ओपीडीही बहुधा त्याच आवारात असते. दोन्हीकडे एकच फाइल घेऊन जावं.

मात्र उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी यांपैकी काही दिसलं तर समुपदेशनाची वेळ ती नव्हे. १०८ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा: मधुमेह आहे, इन्सुलिन चुकलंय. का चुकलं, हे शुद्धीवर आल्यावर तिच्या कलाने विचारता येईल.